बहात्तर तारा

महसूल खात्याच्या दप्तरात चौतीस वर्षे कारकुनी केलेल्या मनुष्याने सेवानिवृत्तीनंतर मोटारसायकलच्या चाकांतील तारांवरचा गंज घासण्यात एक सबंध उन्हाळा घालवावा, हे माझ्या शेजाऱ्यांना प्रथमदर्शनी नवलाचे वाटले. परंतु ज्या कामाने माझ्या हाताला पहिले वळण लावले, त्या कामाकडे आयुष्याच्या उत्तरार्धात वळताना मला स्वतःला माहेरी आल्यासारखे वाटले. मॅट्रिकच्या परीक्षेपूर्वीच्या दोन सुट्ट्या मी भंडाऱ्याच्या बाजारपेठेतील एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात काढल्या होत्या. तेथील उस्तादांचा पहिला हुकूम तारा पुसण्याचा होता, आणि पुसता पुसता त्यांतील सैल कोणती व ताठ कोणती हे बोटांनी ओळखण्याचा होता. ‘तार बोलते बाबू, तिचं आयक,’ एवढेच ते म्हणत, आणि मी नखाने एकेक तार छेडीत बसे. ताणलेली तार स्वच्छ स्वर देई, सैल तार भद्द वाजे. पुढे मी तहसील कचेरीत रुजू झालो, बारनिशीपासून अव्वल कारकुनापर्यंतच्या पायऱ्या चढलो, हातातला पाना जाऊन लेखणी आली. तथापि बोटांत मुरलेली ती विद्या कोठेही गेली नव्हती, हे मला २०२३ च्या वैशाखात कळले.

ज्या गाडीपायी हे घडले ती माझ्या थोरल्या बंधूंची. दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, आणि १९८९ मध्ये त्यांनी हीरो होंडाची सीडी १०० ही गाडी घेतली. १९८५ मध्ये बाजारात आलेली ही गाडी, आपल्या सत्त्याण्णव घनसेंटिमीटरच्या लहानशा इंजिनाच्या काटकसरीमुळे, खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या शिक्षकांना, तलाठ्यांना आणि ग्रामसेवकांना विशेष मानवली होती. दादांच्या बदल्या कधी पवनी, कधी लाखांदूर, कधी मोहाडी अशा होत राहिल्या आणि प्रत्येक बदलीबरोबर त्या गाडीला नवे रस्ते, नवे नाले आणि नवा चिखल मिळत गेला. तिने पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे वाहिले, रोवणीच्या दिवसांत बांधीपर्यंत धानाच्या पऱ्यांच्या पेंढ्या आणि युरियाची पोती वाहिली, आणि आमच्या आईला अखेरच्या आजारात दवाखान्यात नेणारे वाहनही तीच होती. तीस वर्षांत दादांनी तिच्या इंजिनाची निगा मनोभावे राखली. परंतु चाकांच्या तारांकडे, जशी बहुतेकांची दृष्टी जात नाही, तशी त्यांचीही गेली नाही.

ऑगस्ट २०२० च्या अखेरच्या दिवसांत वैनगंगेला जो महापूर आला, तो आमच्या जिल्ह्यातील लोकांच्या स्मरणातून सहजी जाणार नाही. ही नदी मध्यप्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिकडे पावसाने कहर केला, संजय सरोवराचे पाणी सोडावे लागले, आणि खाली गोसेखुर्द धरणाचे तेहतीसही दरवाजे उघडलेले असूनही भंडाऱ्याच्या सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. नदीच्या पलीकडल्या तीरावर कारध्याला दादांचे घर. माणसे आणि जनावरे वेळेवर वर निघाली, ही ईश्वरी कृपा. पण गोठ्याच्या कोपऱ्यात लावलेली गाडी सीटपर्यंत बुडाली आणि तशीच राहिली. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. पंचनाम्यात घराच्या भिंती येतात, धान्य येते, भांडीकुंडी आणि जनावरे येतात. मी स्वतः आयुष्यभर असे कागद हाताळले आहेत, आणि तारांवर त्याच क्षणापासून चढू लागलेल्या गंजासाठी त्यांत रकाना असू शकत नाही, हेही मला ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी दादा गेले. कोणीतरी मायेपोटी गाडीवर ताडपत्री टाकली, आणि त्या ताडपत्रीखाली कोंडलेल्या दमटपणाने पुराचे उरलेले काम पूर्ण केले.

दादांचा मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो. वडिलांची गाडी चालती करावी म्हणून त्याने ती एका दुरुस्तीवाल्याकडे दिली. इंजिन तर सुरू झाले, परंतु पुढल्या चाकाच्या गंजलेल्या तारांवर त्या गृहस्थांनी चंदेरी रंगाचा हात फिरवून दिला होता. दुरून चाक नवे दिसे. मी जवळ बसून एक तार छेडली, तिने स्वर दिला नाही. दुसरी छेडली, तीही मुकी. तेव्हा मी त्याला म्हणालो, ही गाडी इतक्यात रस्त्यावर काढू नकोस, चाके माझ्याकडे राहू दे. ‘काकाजी, कायले येवढी मेहनत करता? नवा सेट टाकून घेऊ ना,’ तो म्हणाला, आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्याचे म्हणणे खोटे नव्हते. नव्या तारांचा संच मिळतो आणि तो फारसा महाग नसतो. परंतु सगळे बदलून टाकण्यापूर्वी काय टिकले आणि काय गेले याची रुजुवात झाली पाहिजे, ही माझ्या नोकरीने लावलेली सवय होती, आणि दादांच्या हातच्या वस्तूंत जे शाबूत असेल ते शाबूत राखावे, ही मनाची ओढ होती.

येथे तारेचे चाक कसे उभे राहते हे सांगणे अवश्य आहे, कारण ते समजल्यावाचून गंजाचे गांभीर्य ध्यानात येत नाही. आमच्या आजोबांच्या खासराच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकातील लाकडी आरा आणि मोटारसायकलची तार ही नावाने एका कुळातली असली तरी त्यांचे धर्म परस्परविरोधी आहेत. आरा जाड असतो, तो खालून येणारा दाब अंगावर घेऊन तुंब्याला, म्हणजे चाकाच्या नाभीला, तोलून धरतो. तार दाब सोसूच शकत नाही, दाबली की ती वाकते, आणि तिचे सारे सामर्थ्य ओढ सोसण्यात असते. म्हणून तारांचे चाक बांधताना प्रत्येक तार आधीच ताणून ठेवावी लागते. ओझे आले म्हणजे जमिनीलगतच्या दोनचार तारांची ओढ क्षणभर कमी होते, त्या वर सरकल्या की पुन्हा पूर्ववत होते. आणि सीडी १०० च्या चाकाचा घेर ध्यानात घेता, एका किलोमीटरच्या वाटचालीत प्रत्येक तारेवर हा सैल होण्याचा आणि ताणले जाण्याचा प्रसंग पाचशेहून अधिक वेळा येतो. ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना इंग्लंडमधील जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये मांडली, आणि तारा तुंब्यातून सरळ न नेता तिरप्या, एकमेकींना छेदून नेण्याची युक्ती कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये आपल्या नावावर नोंदविली. चाकाला इंजिनाचा किंवा ब्रेकचा पीळ बसतो, तो याच तिरपेपणाने झेलला जातो. प्रश्नोपनिषदात प्राणाच्या ठायी सर्व काही कसे प्रतिष्ठित आहे हे सांगताना रथाच्या नाभीतील आऱ्यांची उपमा आली आहे. ती मनात आणून मी तुंब्याकडे पाही, तेव्हा त्या काळ्या पडलेल्या गोळ्याविषयी मला आदर वाटे.

एका चाकात छत्तीस तारा, दोन चाकांत बहात्तर. प्रत्येकीची जाडी तीन-साडेतीन मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून अधिक नव्हे. पोलादाच्या या तारेवर कारखान्यात जस्ताचा पातळ मुलामा दिलेला असतो, आणि त्या मुलाम्याचे शील मोठे विलक्षण आहे: पाणी आणि हवा यांचा हल्ला झाला म्हणजे जस्त आधी स्वतः झिजते, आणि ते पुरते संपेपर्यंत पोलादाला हात लावू देत नाही. ते संपले की मग गंज सुरू होतो. लोखंड खाणीतून निघते तेव्हा प्राणवायूशी जोडलेलेच असते. भट्टीच्या प्रखर उष्णतेने आपण त्याची फारकत करतो, आणि ओलावा मिळताच ते जुन्या सोबत्याकडे वळते. गंजाला मूळ धातूपेक्षा जागा जास्त लागते, म्हणून तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि खालचा नवा धातू पुन्हा उघडा पडतो. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, कारण त्याच्या लोखंडातील स्फुरदामुळे त्यावर धरलेला थर घट्ट बसून आतल्या धातूचे रक्षण करतो. आमच्या तारांवरचा थर सच्छिद्र, ओलावा शोषून धरणारा, आणि म्हणून रक्षण करण्याऐवजी रोज थोडे थोडे पोखरणारा.

गंज सर्वत्र सारखा नव्हता, आणि त्याच्या कमीअधिकपणात त्या गाडीची सगळी कैफियत वाचता येत होती. जेथे दोन तारा एकमेकींना छेदून जातात तेथे पाण्याचा थेंब अडकून राहतो, म्हणून तेथे तपकिरी गाठी झाल्या होत्या. तुंब्याच्या भोकातून तार जेथे काटकोनात वळते, त्या कोपरात पुराचा गाळ भरून सुकला होता. मागच्या चाकाची अवस्था पुढच्याहून वाईट होती, कारण युरियाची पोती मागे बांधली जात; खत हवेतला ओलावा ओढून घेते, पोत्याच्या शिवणीतून झिरपते, आणि त्याचे कण तारांवर बसले म्हणजे साध्या पाण्याने वर्षात होणारे नुकसान महिन्यांत होते. तारेच्या टोकावर रिंगेत बसणारी निपल मात्र पितळेची असते. भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचे गाव. पितळ गंजत नाही हे येथील बालकालाही ठाऊक असते. पण पितळ आणि पोलाद ओल्या जागी लागून राहिले म्हणजे पितळ सुरक्षित राहते आणि झीज पोलादाच्या वाट्याला येते, हे मी निपलाच्या तोंडाशी सुईइतक्या बारीक झालेल्या दोन तारा पाहून शिकलो.

कामाला मी वैशाख निवडला, कारण आमच्याकडचा उन्हाळा अंगाला असह्य असला तरी गंज काढण्यास त्याच्याइतका अनुकूल काळ नाही. सकाळी उघडा केलेला धातू संध्याकाळपर्यंत कोरडाच राहतो. चाके काढण्यासाठी आसाच्या नटांवर रात्रभर रॉकेल आणि डिझेल यांचे मिश्रण सोडून ठेवावे लागले. टायर उतरवला, ट्यूब काढली, निपलांवरून फिरणारी रबरी पट्टी उचलली, तेव्हा तिच्याखाली पुराचा गाळ वाळलेल्या तळ्याच्या भेगांसारखा पडलेला दिसला. अनुभवाची पहिली शिकवण अशी की गाळ आधी कोरडाच झाडावा. पाणी लावले तर तो गंजाच्या छिद्रांत अधिक खोल उतरतो. म्हणून दोन दिवस मी नुसता कुंच्याने झाडत होतो. त्यानंतर चाक धुतले, उन्हात ठेवले, आणि मगच रॉकेलमध्ये भिजविलेल्या फडक्यांच्या पट्ट्या प्रत्येक तारेभोवती गुंडाळून रात्रभर ठेवल्या, म्हणजे गंजाची पकड सुटते.

तार गोल असते आणि आपण सपाट कागदाने तिला घासू लागलो तर एकाच अंगाला घासली जाते. उस्तादांनी शिकविलेली युक्ती यासाठीच अनमोल. पॉलिश पेपरची बोटभर रुंद पट्टी कापून ती तारेला एक वेढा देऊन गुंडाळायची, दोन्ही टोके दोन हातांत धरायची, आणि ताक घुसळताना रवीची दोरी जशी आळीपाळीने ओढतात तशी ती पुढेमागे ओढीत, हळूहळू तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकायचे. प्रथम दोनशे वीस नंबरचा कागद, मग चारशेचा. आणि जेथे मुलामा अद्याप शिल्लक आहे तेथे कागद मुळीच न लावता पितळी तारांचा ब्रश, कारण पितळ पोलादाहून मऊ असल्याने ते गंज उचलते पण ओरखडा पाडीत नाही. तारा जेथे छेदतात तेथे कागद जात नाही. तेथे सुतळीला तेल आणि बारीक राख लावून ती मधून ओवायची आणि तशीच ओढायची. एका तारेला सरासरी अर्धा तास लागे. सकाळी सहा ते नऊ एवढाच वेळ अंगणात बसण्याजोगा असे, त्यामुळे दिवसाला सहा तारा झाल्या म्हणजे मी समाधान मानी.

या संथपणाने कंटाळून शेजारच्या एका तरुणाने फरशी साफ करण्याच्या तीव्र आम्लाची बाटली आणून दिली; त्याचा हेतू चांगलाच होता. परंतु ते आम्ल गंजाबरोबर उरलेसुरले जस्तही क्षणात खाऊन टाकते, त्याच्या वाफा शेजारी ठेवलेल्या चांगल्या हत्यारांवर गंज चढवितात, आणि सर्वांत घातक गोष्ट अशी की आम्लाच्या क्रियेतून सुटणारा हायड्रोजन ताणलेल्या कठीण पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. तार चकचकीत दिसते आणि एखाद्या खड्ड्यात काचेसारखी तुटते. आमच्या गावच्या बायका देव्हाऱ्यातील समया आणि पाण्याचे गुंड उजळतात ते चिंचेने. चिंचेचे आम्ल सौम्य, ते मळ सोडविते पण धातूवर धावून जात नाही. गाठी झालेल्या जागांवर मी भिजविलेल्या चिंचेचा कोळ रात्रभर लावून ठेवी, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन आम्लाचा अंश मारी, आणि लागलीच उन्हात वाळवून तेलाचा हात देई. चिंचेचे काम सावकाश चालते. पण ज्या कामात उतावीळपणाची किंमत रस्त्यावर मोजावी लागते, त्या कामात सावकाशपणा हा गुणच म्हटला पाहिजे.

तारांची मी नोंदवही ठेवली होती. हवा भरण्याच्या भोकापासून आरंभ करून प्रत्येक तारेला क्रमांक. मग चाक, बाजू, तार तुंब्याच्या आतून आलेली की बाहेरून, गंजाचे स्थान, साफ केल्यावरची स्थिती, आणि शेवटी शेरा. पुतण्या रजेवर आला तेव्हा त्या वहीकडे पाहून काही बोलला नाही, पण शेजारी बसून त्याने एक पट्टी हातात घेतली. पुढल्या चाकातील अकरावी तार त्याच्या वाट्याला आली. चंदेरी रंगाखाली ती सर्वांत सरळ आणि गुळगुळीत दिसत होती, आणि मी स्वतः तिच्याविषयी ‘उत्तम’ असा शेरा मनात धरून ठेवला होता. त्याने रंग खरवडला. कोपराजवळ एक काळा ठिपका दिसला. तो ठिपका साफ करू लागताच तेथे खळगा निघाला, खळग्यातून आणखी तपकिरी पूड निघाली, आणि तार दोन बोटांत धरून शेजारच्या तारेकडे किंचित दाबताच ती कोपरातून तुटून त्याच्या हातात आली. आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. याच चाकावर, याच रंगाच्या भरवशावर, तो आठवड्याने आपल्या पत्नीला आणि मुलाला घेऊन लाखनीपर्यंत जाणार होता.

त्या क्षणापासून मला माझ्या कामाचा अर्थ नीट उमगला. तोवर मी गंज काढतो आहे असे समजत होतो; वस्तुतः मी तारांची तपासणी करीत होतो, आणि गंज काढणे हा त्या तपासणीचा मार्ग होता. धातू उघडा झाल्यावाचून त्याचे बळ कळत नाही. याचा हिशेब साधा आहे: तारेची जाडी दहावा भाग घटली तर तिच्या छेदाचे क्षेत्र, आणि म्हणून तिची ओढ सोसण्याची ताकद, जवळजवळ पाचव्या भागाने घटते, आणि खळगा असेल तर सारा ताण त्या एकाच बिंदूवर गोळा होऊन चीर तेथूनच पडते. म्हणून वरवर सर्वांगाला सारखा गंज असलेली, विद्रूप दिसणारी तार घासल्यावर पुष्कळदा निकोप निघते, आणि एकच ठिपका असलेली सुंदर तार निकामी ठरते. डोळ्याने केलेला न्याय आणि बोटाने केलेला न्याय यांत बोटाचाच न्याय खरा निघाला.

अखेर वहीतील बेरीज अशी झाली: पुढल्या चाकात तीन तारा बाद, मागल्या चाकात आठ, एकूण अकरा बाद, एकसष्ट कायम. नवा सेट टाकून घेतला असता तर या एकसष्ट तारा भंगारात गेल्या असत्या. आणि रंगावर विसंबलो असतो तर त्या अकरा रस्त्यावर धावत राहिल्या असत्या. अकरा नव्या तारा मी नागपूरहून आणविल्या. त्या हातात घेतल्या तेव्हा मनात आले की पोलादाला बळकटी देण्यासाठी जे मँगनीज मिसळतात त्याच्या खाणी आमच्याच तुमसर तालुक्यात, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे, पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत, आणि वरठीला पोलादाचा कारखानाही आहे. आमच्या जिल्ह्याची माती कोठल्या तारेत गेली हे कोणी सांगू शकणार नाही. परंतु ज्या भूमीतून पोलादाचे बळ निघते, त्या भूमीतल्या माणसांना पोलाद सांभाळण्याची विद्या परकी वाटू नये, असे मला त्या दिवशी उत्कटतेने वाटले.

तारा बसविणे आणि चाकाचा आऊट काढणे हे घासण्याहून अधिक अवधानाचे काम. निपलाच्या पेचात तेलाचा थेंब सोडून ती हाताने फिरते की नाही हे आधी पाहावे. अडत असेल तर पान्याने जोर करू नये, नाहीतर तिची चौकट गोल होऊन जाते आणि चांगली तार केवळ निपलापायी कापावी लागते. सर्व तारा सारख्या ओढल्यावर चाक आसावर टांगून फिरवायचे, बाजूला खडू स्थिर धरायचा, आणि रिंग जेथे खडूला घासते तेथे त्या बाजूची तार पाव फेरा सैल करून समोरच्या बाजूची पाव फेरा आवळायची. पाव फेऱ्याहून अधिक एका वेळी नाही, हा उस्तादांचा दंडक. एका तारेला दिलेला ताण सर्व चाकभर वाटला जातो, म्हणून एकीची चूक दुसरीला हात लावून झाकू गेले तर चुकांची रांग लागते. पुढल्या चाकाला तीन सकाळी गेल्या, मागल्याला पाच. शेवटच्या सकाळी मी नखाने छत्तीसही तारा छेडीत फेरा पूर्ण केला, आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या दुकानातला स्वच्छ स्वर मला अंगणात पुन्हा ऐकू आला.

उघड्या झालेल्या धातूला तसेच सोडणे म्हणजे पुढल्या गंजाला आमंत्रण. इंजिनाचे तेल लावले तर धूळ चिकटते आणि धुळीत ओलावा राहतो. मी जवसाचे तेल वापरले. आमच्याकडे धानाचे पीक उभे असतानाच बांधीच्या ओलीवर लाखोळी आणि जवस टाकण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे हे तेल घरोघरी माहीत असते. हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते आणि धातूवर पातळ, चिवट पापुद्रा धरते. फडक्याने अगदी झिरझिरीत थर द्यावा, दोन-तीन दिवस वाळू द्यावा, मग दुसरा द्यावा. एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी: त्या तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, कारण ते सुकताना आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते, ते दोरीवर मोकळे पसरून वाळवावे. दोन थर दिलेल्या तारांनी त्यानंतरचे पावसाळे पाहिले आहेत. त्यांच्यावर नव्या तारांची झळाळी नाही, एक करडा, मंद रंग आहे. पण बोट फिरविले तर बोटाला तपकिरी लागत नाही.

माझ्या नोकरीत मी शेकडो नोंदी घेतल्या, जुन्या नोंदींची रुजुवात केली, आणि जेथे कोणी खाडाखोडीवर नवा कागद डकवून प्रकरण निकाली काढू पाही तेथे पुढे किती पिढ्या त्या कागदाखालच्या चुकीचा भार वाहतात तेही पाहिले. चंदेरी रंग हा तसाच डकवलेला कागद होता. उजाळा या शब्दाचा अर्थ आपण चमक असा करतो. परंतु पितळ घासणारी गृहिणी भांडे उजळते तेव्हा त्याला कोठे चीर गेली आहे, कोठे कल्हई उडाली आहे, हेही त्याच वेळी तिच्या हाताला कळत असते. वस्तूला उजाळा देणे म्हणजे ती आहे तशी उघड्या डोळ्यांनी पाहणे, आणि जे टिकले त्याला राखून जे गेले त्याला निरोप देणे. दादांच्या बाबतीतही या कामाने मला तेच करू दिले.

आमच्या भागात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी करतात. वर्षभर ज्या खांद्याने जू वाहिले त्याला लोणी-हळद लावून चोळतात आणि जखम आहे का ते पाहतात. आता पुष्कळ घरांतून बैल गेले आणि त्यांची ओझी मोटारसायकलींनी उचलली. दसऱ्याला आपण त्या गाड्यांना झेंडूचे हार घालतोच. माझी वाचकांना विनंती एवढीच आहे की, रोवणीचा चिखल संपून पोळा आला म्हणजे आपल्या गाडीच्या चाकाजवळ अर्धा तास बसावे, तारा कोरड्या फडक्याने पुसाव्या, छेदाच्या जागा आणि तुंब्याजवळची कोपरे बोटाने चाचपावी, एकेक तार नखाने छेडून पाहावी, आणि जी बोलत नाही तिच्यावर रंग न देता तिला बदलावे. आपल्या घरची माणसे त्याच तारांच्या भरवशावर बसलेली असतात.